एकशे चाळीस लिटर

३ फेब्रुवारी

ही वही अल्खेसिरासच्या रुग्णालयातल्या नर्सने दिली. चारोने काय खाल्लं, कुठे किती दुखलं, कुठली गोळी कधी घेतली, ते रोज लिहायचं. "तुम्हीच लिहा," ती मला म्हणाली. "त्या खरं सांगायच्या नाहीत." दोन भेटींत बरोबर ओळखलं तिने माझ्या बायकोला.

तर, दुपारी चण्याचा रस्सा अर्धी वाटी, पुदिना घालून. पाव नको म्हणाली. कमरेतलं दुखणं दहापैकी चार. हे चार तिने सांगितलेले. खुर्चीतून उठतानाचा तिचा चेहरा बघून मी सात लिहिले असते.

कालपासून लेवान्ते सुटलाय. पूर्वेचा हा वारा आला की वाल्देवाकेरोसची वाळूची टेकडी रस्त्यावर येऊन बसते आणि मी लोडर घेऊन ती परत ढकलतो. एकतीस वर्षं हेच करतोय. लग्न झालं तेव्हा चारो म्हणायची, तुझी नोकरी कायमची, वाळू काही संपणार नाही. तिला मात्र हा वारा म्हणजे सण. शाळा सुटली की गणिताच्या वह्या गाडीत टाकून ती शिडाचा बोर्ड घेऊन थेट पाण्यावर जायची. मी गाडीत बसून पेपर वाचायचो. स्पेनच्या टोकावरच्या या तारिफात जन्मून सत्तावन्न वर्षांत मी गुडघ्याच्या वर समुद्रात गेलेलो नाही, आणि त्याचं मला काही वाटतही नाही.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना भेटून आलो. मणक्यातले डाग वाढलेत. आता केमोची सलाईन नको म्हणाल्या, आपण त्रास कमी करण्याकडे लक्ष देऊ. मला हे पटलं. सलाईनने ती फार थकायची. त्रास कमी झाला की खाणं वाढेल, खाणं वाढलं की ताकद येईल. परत येताना चारोला तसं म्हणालोही. ती खिडकीतून पवनचक्क्या बघत होती. मग म्हणाली, "दामियान, मला नवा बोर्ड घ्यायचाय."

मी गाडी बाजूला घेतली. पुन्हा विचारलं. तेच म्हणाली.

विंगचा बोर्ड. तीन वर्षांपूर्वी तिने शिडाचा बोर्ड सोडला आणि हे नवं खूळ धरलं. हातात फुगवलेला पंख धरायचा, बोर्डाच्या पोटाखाली मीटरभर दांडा, आणि दांड्याच्या टोकाला आणखी एक पंख, पाण्याखालचा. वेग आला की बोर्ड पाणी सोडून वर उचलला जातो. तिचा जुना बोर्ड टणक होता, तो तिने मागच्या उन्हाळ्यात कुणाला तरी देऊन टाकला. आता फुगवायचाच हवा म्हणते. त्याच्यावर पडलं तर हाडाला लागत नाही.

मला इतका आनंद झाला की तिथेच रस्त्याच्या कडेला तिला मिठी मारली. दुखलं तिला. पण ज्याला मरायचंय तो काही बोर्ड घ्यायला निघत नाही.

१५ फेब्रुवारी

खाणं बरं. दुखणं पाच (तिचे).

चानोच्या दुकानात गेलो. चानो चाळिशीचा आहे, शाळेत चारोचा विद्यार्थी होता. अजून तिला "बाई" म्हणतो. तिने त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. हे तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो.

भिंतीला टेकवून चार फुगवलेले बोर्ड उभे होते. मला वाटायचं फुगवलेलं म्हणजे पोरांच्या तलावातल्या खेळण्यासारखं मऊ असेल. चानोने बोटाने वाजवून दाखवला, दारासारखा आवाज आला. आत हजारो धागे विणलेले असतात, ते वरची नि खालची बाजू धरून ठेवतात. हवा पुरेशी भरली नाही तर मधोमध वाकतो आणि मग पाण्याखालचा पंख नीट काम करत नाही. त्यामुळे दांडा जिथे बसतो तिथली पट्टी किती रुंद आहे ते आधी बघायचं. आणि माप लिटरमध्ये. ज्याला येतं त्याने स्वतःच्या वजनाएवढे किंवा थोडे जास्त लिटर घ्यायचे. नवशिक्याने वजनात चाळीस मिळवायचे. चारोला हे सगळं पाठ आहे, तरी चानो समजावत होता, आणि तेही माझ्याकडे बघून. तिच्याकडे बघवत नसेल त्याला. फार वाळलीय ती.

चारोचे प्रश्न वेगळेच. एकट्या माणसाला उचलता येतो का, हवा भरायला किती वेळ, घडी केल्यावर जिन्यातून नेता येईल का, वर गुडघे टेकायला मऊ थर आहे का. मग मला म्हणाली, बूट काढ आणि ह्यावर गुडघे टेक. मी विचारलं, मी कशाला. म्हणाली, माझ्या वजनाने तो वाकायचा नाही, मग टणक आहे की नाही कसं कळणार.

टेकले. मग म्हणाली उभा राहा. भर दुकानात, फाटक्या मोज्यानिशी, मी बोर्डावर उभा. दोन जर्मन गिऱ्हाइकं बघत होती. चारो काठी टेकत माझ्याभोवती फिरली, वाकून बोर्डाचा मधला भाग बघितला. "पायांत अंतर ठेव. गुडघे जरा वाकव. पोलीस नाहीस तू, एवढा ताठ कशाला उभा राहतोस?"

चानो काही आणायला आत गेला तो बऱ्याच वेळाने आला. डोळे लाल होते. वाळू गेली म्हणाला. आज वारा पश्चिमेचा होता, ओला. त्यात वाळू उडत नाही.

२ मार्च

कामावरची वार्षिक तपासणी. वजन शहाण्णव, रक्तदाब जास्त. डॉक्टरने मला झापलं. घरी येऊन सांगितलं तर चारोने रक्तदाबाचं काही विचारलं नाही. शहाण्णव कपड्यांसकट की कपड्यांशिवाय, एवढंच विचारलं. मी म्हणालो, काय करायचंय तुला. म्हणाली, नवऱ्याचं वजन माहीत असावं.

तिचं एकोणपन्नास. कपड्यांसकट.

९ मार्च

खाणं: ट्यूना कांद्यात शिजवलेला, तीन घास. मग उलटी. दुखणं कमी करणारी नवी पट्टी चिकटवलीय दंडाला.

संध्याकाळी ओट्याशेजारच्या टेबलावर तिने माहितीपत्रकं पसरली. पेपर तपासायची ना, तशी बसली होती, चष्मा नाकावर, लाल पेन हातात. शेवटी एकावर खूण केली. एकशे चाळीस लिटर, ऐंशी सेंटिमीटर रुंद, दोन बाजूंना धरायच्या मुठी. मी म्हणालो, चारो, एकोणपन्नास किलोला एकशे चाळीस? चानो काय म्हणाला ऐकलंस ना? हा तर होडीएवढा आहे. तुझ्यासारख्या बाईला साठसत्तर पुरे.

ती म्हणाली, मला हाच हवाय.

दुखण्याच्या पट्टीने डोकं जड होतं असं नर्स म्हणाली होती. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने साध्या बेरजेत चुकावं. मी विषय बदलला. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो थोडा वेळ.

१० मार्च

नोएलियाला फोन केला. मुलगी आमची, विगोला असते. आईचं गणित सुटलंय असं सांगितलं, बोर्डाचा किस्सा सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तिला जो हवाय तो घे ना."

पोरीला काय कळतंय. इतकी वर्षं ज्या बाईने लेवान्तेत भल्याभल्यांना मागे टाकलं, तिला नवशिक्यांचा तराफा द्यायचा? म्हणजे तू आता संपलीस असंच सांगायचं की तिला.

२१ मार्च

काठीने भागत नाही. चाकांची खुर्ची आली. तिने तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

२७ मार्च

आज एकटाच चानोकडे गेलो. चारोने फोनवर एकशे चाळीसचा सांगून ठेवला होता, तो रद्द केला. चानो काउंटरमागून बाहेर आला. "बाईंनी विचार करून घेतलाय तो, दामियान. राहू द्या." मी म्हणालो, तिचा विचार कसा चाललाय ते मला माहीत आहे, घरी मी असतो. तो म्हणाला, मग निदान एकदा त्यांना विचारा, हा कशासाठी म्हणून. मी म्हणालो, कशासाठी म्हणजे, पाण्यावर जायला. तो पुन्हा म्हणाला, विचारा तर. मी जरा आवाज चढवला, तिचा नवरा मी आहे म्हणालो. मग त्याने लहान बोर्ड काढून दाखवले.

दोन तास लावून निवडला. पंचाहत्तर लिटर. पट्टी रुंद, पुढचं टोक निमुळतं, वजनाला इतका हलका की एका हाताने उचलला. रंग पिवळा. तिच्या मापाचा. बरी होणाऱ्या बाईचा बोर्ड.

५ एप्रिल

ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची सुट्टी. खालून मिरवणुकीचे ढोल ऐकू येत होते. बैठकीत बोर्ड फुगवला. हवा भरायला सात मिनिटं लागली, मला धाप लागली. चारोला डोळे मिटायला सांगितलं आणि खुर्ची ढकलत आणली.

तिने डोळे उघडले, बोर्डाकडे बघितलं, उलटा करायला लावला, खाली छापलेला आकडा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. एवढा वेळ ती माझ्याकडे लग्नातसुद्धा बघत बसली नव्हती. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "किती सुंदर बोर्ड निवडलास रे." आणि माझा हात ओढून आपल्या गालाला लावला.

बघ, मी बरोबर होतो.

दुखणं सहा. रात्रीचं जेवण नाही.

१२ एप्रिल

हे नीट लिहायचं आहे.

सकाळी पश्चिमेचा मंद वारा होता, ऊन होतं. ती म्हणाली, मला लान्सेसच्या उथळ पाण्यात ने, बोर्ड घेऊन. पावसाचं पाणी साठून किनाऱ्याच्या आत तळं होतं ना, तिथे. हातातला पंख नको, खालचा दांडाही नको, नुसता बोर्ड. गाडीतून पाण्यापर्यंत उचलून नेली. तिचं वजन लिहीत नाही. बोर्डावर पालथी झोपवली. तिने गाल बोर्डाला लावला आणि हात दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडले. मी बोर्डाची दोरी धरून चालत होतो. पँट मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत भिजली. पाणी इतकं गार असतं हे मला माहीत नव्हतं.

बराच वेळ तसेच फिरलो. तिने डोळे मिटले होते. मला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर जूनपर्यंत ती उभी राहील.

"हा बोर्ड फार चांगला आहे," ती म्हणाली. "अगदी माझ्या मापाचा."

मी म्हणालो, मग.

"मी सांगितला होता तो तुझ्या मापाचा होता."

मला कळलं नाही. तिने डोळे उघडले आणि मागच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं. "शहाण्णव अधिक चाळीस, दामियान. एकशे छत्तीस. तेवढ्याचा मिळत नाही म्हणून एकशे चाळीस."

मी दोरी धरून उभा राहिलो.

ती म्हणाली, "सोमवारी तू काय करशील ते मला दिसतं. लोडर काढशील, डबा घरी विसरशील. मंगळवारही दिसतो. रविवारी सकाळी दहा वाजता तू काय करशील ते दिसत नाही. खूप प्रयत्न केला. गाडीत पेपर घेऊन बसलेला दिसतोस, आणि पाण्यावर कोणी नाही."

मी म्हणालो, तू मरणार हे तू ठरवूनच टाकलंयस.

"मी नाही ठरवलं," ती म्हणाली.

मग मला इतका राग आला की काय लिहू. कपाटं आवरावीत तसं ती मला आवरून ठेवत होती. चानोला माहीत, पोरीला माहीत, आणि मी मूर्ख पिवळा बोर्ड फुगवत बसलेलो. मी दोरी टाकली आणि चालत काठावर आलो. पाठ करून उभा राहिलो. ती तिथेच पाण्यात बोर्डावर पडून होती आणि मी तिच्याकडे पाठ करून उभा होतो. पाच मिनिटं तरी. हाक मारेल असं वाटलं. तिने मारली नाही.

मग जाऊन आणली. घरापर्यंत एक शब्द बोललो नाही.

१३ एप्रिल

औषधं वेळेवर. बोललो नाही.

१४ एप्रिल

सूप दोन चमचे. ती दोनदा बोलली, मी हो-नाही केलं. माझा हेका मला माहीत आहे. उतरायला वेळ लागतो.

१५ एप्रिल

आज बोलणार होतो. लेवान्ते आला, पहाटेच लोडर काढावा लागला. टेकडी पूर्ण रस्त्यावर. संध्याकाळी आलो तेव्हा ती झोपली होती.

१६ एप्रिल

सकाळी उठवली तर तिला नीट जाग येईना. रुग्णवाहिका. अल्खेसिरास.

१९ एप्रिल

बहुतेक वेळ झोपेत. नोएलिया आलीय. दुपारी ती खाली कॉफी प्यायला गेली तेव्हा चारोने डोळे उघडले. विचारलं, वारा कुठला. म्हणालो, लेवान्ते, पाचवा दिवस. विचारलं, रस्ता? म्हणालो, बंद आहे, माझ्या जागी दुसरा माणूस लावलाय.

"त्याला टेकडीचं डावं अंग कळायचं नाही," ती म्हणाली. "तो समोरून ढकलेल. मग ती उद्या पुन्हा येईल."

खरं आहे ते. टेकडीला डावीकडून घ्यावं लागतं. एकतीस वर्षं जेवताना मी हे सांगत आलो आणि एकतीस वर्षं मला वाटत आलं की ही ऐकत नाही, हिचं मन पाण्यावर आहे.

मी म्हणालो, चारो, त्या दिवशी तुला पाण्यात सोडून गेलो.

ती म्हणाली, "बरं वाटलं मला. ऊन होतं पाठीवर."

तिला हे मनापासून म्हणायचं होतं की माझ्यासाठी म्हणाली, मला माहीत नाही. विचारायच्या आधी झोप लागली तिला.

२२ एप्रिल

सव्वानऊला गेली. सकाळी. मी आणि नोएलिया दोघंही होतो.

२४ एप्रिल

खाणं, गोळ्या, दुखणं, लिहायला काही नाही. नर्स दफनाला आली होती. वही परत द्यायची का विचारलं. म्हणाली, ठेवा.

९ मे

नोएलिया आज विगोला परत गेली. पिवळा बोर्ड मी तिला दिला. तिच्या वजनाला चालेल. आधी नको म्हणाली, मग घडी करून पाठीवर घेतला. बसस्थानकावर म्हणाली, बाबा, आईने मला बोर्डाचं जानेवारीतच सांगितलं होतं, तुला सांगू नको म्हणाली होती. मी म्हणालो, कळलंय मला. ती रडायला लागली. मी तिला धरून उभा राहिलो, पण मला रडू येत नाही. अजून आलेलं नाही.

१८ जून

रविवार. काही सुचेना म्हणून गाडी काढली आणि नेहमीच्या जागी लावली, समुद्राकडे तोंड करून. पेपर उघडला. दहाची घंटा झाली. पाण्यावर शंभरएक जण असतील, रंगीत पंख घेऊन. तिने बघितलं होतं तसंच सगळं. फक्त पाण्यावर कोणी नाही हे तेवढं खोटं. सगळे होते.

२५ जून

पुन्हा तिथेच. तोच पेपर होता, मागच्या रविवारचा. हे घरी आल्यावर कळलं.

१६ जुलै

चानोकडे गेलो. मार्चनंतर पहिल्यांदा. तो काउंटरमागेच उभा राहिला. मी म्हणालो, बोर्ड बघायचाय, फुगवायचा. कोणासाठी हे त्याने विचारलं नाही.

मी म्हणालो, तिने सांगितलेला. एकशे चाळीसचा. त्याने आतून काढला, फुगवला, जमिनीवर ठेवला. मी बूट काढून उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, दामियान, तुमचं वजन किती आहे आता?

मला माहीत नव्हतं. आत त्याच्या बायकोचा वजनकाटा होता. त्र्याऐंशी आलं. दोनदा बघितलं. विजारीच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं होतं मी मेमध्ये, पण एवढं लक्षात आलं नव्हतं.

"त्र्याऐंशी आणि चाळीस," चानो म्हणाला. "एकशे तेवीस. मग एकशे पंचवीसचा." आणि थोडं थांबून, "बाईंचं उत्तर चुकलं म्हणायचं." बोलून गेला आणि त्यालाच कसंसं झालं.

मी म्हणालो, "गणित बरोबर होतं तिचं. आकडा बदलला."

त्याने दोन्ही बोर्ड शेजारी शेजारी ठेवले. तो म्हणाला, मोठा घेतलात तरी बिघडत नाही, शिकायला सोपाच जाईल. उभं राहायला जागा जास्त. पण वर उचलला जायला जोर जास्त लागेल, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाच जड वाटेल. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी दोन्हींच्या मध्ये जमिनीवर बसून राहिलो. मोठा तिने निवडलेला होता. लाल पेनाने खूण केलेला. तो सोडून दुसरा घेणं म्हणजे तिचा हात सोडण्यासारखं वाटत होतं. दुसरीकडे मी विचार करत होतो, ती शेजारी उभी असती तर काय म्हणाली असती. उत्तर बघायच्या आधी विचारलं असतं, वजन मोजलंस का.

एकशे पंचवीसचा घेतला. घडी करून पाठीवर टाकला आणि पायी घरी आलो. जिन्यात दोनदा थांबलो.

३० जुलै

तळ्यात. चानोने स्वतःचा जुना रबरी पोशाख दिला, तो अंगात चढवायला दोघं लागलो. गुडघ्यांवर बसलो. पडलो. बसलो. पडलो. पाणी नाकात गेलं की डोक्यात कळ उठते. कामावरच्यांना कुठूनतरी बातमी लागली. मला म्हणाले, दामियान, या वयात कुणावर छाप पाडायचीय? मी म्हणालो, तुमच्या आयांवर. बऱ्याच दिवसांनी ते हसले, मीही थोडा हसलो.

१३ ऑगस्ट

उभा राहिलो. तीन पावलं जावं एवढं अंतर गेलो असेन. खाली दांडा लावलेला नव्हता. चानो म्हणतो घाई नको.

२७ ऑगस्ट

आता दांडा लावून, खोल पाण्यात. खालचा पंख म्हणजे बैल आहे. तो आपल्या मनाने वर उसळतो आणि मी मागे फेकला जातो. एकवीस वेळा पडलो. डावी बरगडी दुखते. टणक बोर्ड असता तर मोडली असती. हाडाला लागत नाही म्हणाली होती ते थाप म्हणून सांगितलं होतं तिने, पण खरं निघालं.

३ सप्टेंबर

देवमातेची मिरवणूक. घोडेस्वारांच्या सोबतीने मूर्ती गावात आणली. चारो असती तर बाल्कनीतून गुलाबाच्या पाकळ्या टाकत असती आणि वर म्हणत असती की मी देव मानत नाही. समोरच्या बाई म्हणाल्या, दामियान, तू रडलास का रे एकदा तरी? मी म्हणालो, वेळ मिळाला नाही. त्यांना वाईट वाटलं असावं. मला काय सांगावं ते खरंच कळलं नव्हतं.

२४ सप्टेंबर

वारा नाही. गेलो नाही. दिवस लांब होता.

८ ऑक्टोबर

पश्चिमेचा वारा, बेताचा. चानो दुकान बंद करून आला होता, किनाऱ्यावर उभा. मी बाहेरपर्यंत गेलो, गुडघ्यांवरून उठलो, पंख वर धरला. नेहमीसारखाच. बोर्डाच्या पोटाला पाणी थपडा मारत असतं, पायांना ते सतत जाणवतं. वेग आला. मागचा पाय कणभर सरकवला. थपडा थांबल्या.

सुरुवातीला वाटलं पडलो. पण पडलो नव्हतो. पाणी खाली होतं आणि मी वर होतो, आणि पायाखाली काहीच हलत नव्हतं. समोर किनारा, त्याच्यामागे ती टेकडी, मी एकतीस वर्षं ढकललेली, इथून कधी न बघितलेली. केवढीशी दिसत होती. मी तिच्याकडे बघत होतो. आणखी काही नाही, नुसता बघत होतो.

मग पडलो.

वर आलो तेव्हा चानो हात उंच करून बोटं दाखवत होता. नऊ. नऊ सेकंद. मी त्याला हात केला. मग बोर्ड धरून पाण्यात तसाच राहिलो, कारण काय झालं ते मला कळलं होतं. ते नऊ सेकंद चारो गेलेली आहे हे मला माहीत नव्हतं. एप्रिलपासून असा एक क्षण गेलेला नाही. झोपेतसुद्धा मला माहीत असतं. आणि आता तोंडातलं खारं पाणी थुंकता थुंकता ते मला नव्याने कळलं, रुग्णालयात कळलं होतं त्याहून जास्त. बोर्डावर डोकं ठेवलं आणि मग जे यायचं राहिलं होतं ते आलं. किती वेळ, माहीत नाही. वाऱ्याने मला काठाकडे बरंच लोटलं होतं.

चानो कमरेएवढ्या पाण्यात आला होता. त्याने माझा चेहरा बघितला आणि विचारलं, "आजचं पुरे का?"

मी नाही म्हणालो. बोर्ड फिरवला आणि गुडघे टेकले.